माझ्या घरात कोणीतरी आंघोळ करतंय

सकाळी पावणेनऊला मी ऑफिसात खुर्चीवर टेकतो, आणि नेमक्या त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या मालकीच्या बाथरूममध्ये, माझ्या मालकीच्या नळाखाली, एक परक्या बाई आंघोळ करत असतात. गैरसमज नको. बाईंबद्दल मला काही म्हणायचं नाही; बाई सज्जन आहेत. मला धास्ती पाण्याची आहे. पहिली बादली भरली असेल. आता ती अंगावर गेली असेल. आता ते पाणी फरशीवरून जाळीकडे निघालं असेल. निघालं ना नक्की? की मध्येच एखाद्या फटीत शिरलं? नऊ वाजून पाच मिनिटांनी बाई कामाला बाहेर पडतात, तेव्हा कुठे मी पहिली फाईल उघडतो.

कोणी म्हणेल, एवढं घाबरायला काय झालं? त्याने माझ्या टेबलावर आठवडाभर बसून दाखवावं. मी विमा कंपनीच्या दावे विभागात एकवीस वर्षं आहे. आमच्याकडे कोणी आनंदाची बातमी घेऊन येत नाही. इस्त्री चालू ठेवून गावाला गेलेली माणसं, गच्चीवरची टाकी मोटारीवर पडलेली माणसं, माशांची पेटी फुटून लाकडी फरशी फुगलेली माणसं, सगळी माझ्या हाताखालून गेली आहेत. एका गृहस्थांचं भिंतीवरचं घड्याळ फुलदाणीवर पडलं, फुलदाणीतलं पाणी स्विचबोर्डात गेलं आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर नाहीसं झालं. घड्याळ तेवढं चालू राहिलं होतं. तुम्ही ज्याला घर म्हणता त्याला आम्ही जोखीम म्हणतो. अशा माणसाने दुसरं घर विकत घेऊच नये. त्याला पहिलंच पुरून उरतं.

पण मला मेहुणा आहे. तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो आणि दुसऱ्यांना घरं घ्यायला लावतो. "भाऊजी," तो म्हणाला, "नऊ हजार पाचशे भाडं येणार, आठ हजार सातशे हप्ता जाणार. हप्ता भाडेकरू भरतो. तुम्ही पंधरा वर्षं नुसतं स्वस्थ बसायचं!" सगळ्या योजनेत मला न जमणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही.

घराला सुरुवातीला भरायची रक्कम बायकोने दिली. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये आहे. बावीस वर्षं तिने पट्ट्या, सुया आणि कापसाचे गठ्ठे मोजले आणि त्यातून फंड साठवला. चेक माझ्या हातात देताना ती म्हणाली, "अहो, हे माझ्या म्हातारपणाचे पैसे आहेत. आपल्या नव्हे, माझ्या. हप्ता चुकला आणि बँकेने घर नेलं, तर हेही गेले. तेवढं लक्षात ठेवा." मी मान डोलावली.

भाडेकरू बाई महिन्याभरात मिळाल्या. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. पन्नाशीच्या आसपास, एकट्या, बोलणं हळू. घर बघून म्हणाल्या, "छान आहे." भाडं ऐकून म्हणाल्या, "ठीक आहे." पहिल्या तारखेला सकाळी आठ वाजता भाडं हजर. इतका चांगला भाडेकरू मिळाल्यावर दुसरा कोणी निश्चिंत झाला असता. माझं धाबं दणाणलं. वाईट भाडेकरू निदान जात तरी नाहीत. चांगल्याला दहा ठिकाणी घर मिळतं. बाई गेल्या तर घर रिकामं, घर रिकामं तर हप्ता माझ्या पगारातून, आणि माझ्या पगारातून हप्ता म्हणजे चौथ्या महिन्याला बँकेचं पत्र. हे सगळं मी त्यांच्याकडून पहिलं भाडं मोजून घेताना मनातल्या मनात पाहून घेतलं.

तेव्हा मी ठरवलं, बाईंना तक्रारीला जागाच ठेवायची नाही. ऑफिसच्या धर्तीवर मी एक तपासणी तक्ता तयार केला. बेचाळीस रकाने. दारं, बिजागऱ्या, नळ, जाळ्या, तावदानं, भिंती दिशेनुसार. खाली तारीख, वेळ आणि माझी सही. दर रविवारी बरोबर साडेदहाला मी फायलीसकट बाईंच्या दारात. बाई बिचाऱ्या आवरून बसलेल्या असायच्या. चहा करायच्या. बेचाळीस रकाने भरून झाले की मी खुर्चीत टेकून विचारायचो, "काही तक्रार?"

पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, "नाही हो, काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मोकळेपणाने सांगा. मनात ठेवू नका."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "तसं… त्या कपाटाचं दार जरा कुरकुरतं."

सोमवारी सुतार हजर! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बाईंच्या मनात काही साचून राहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी खिडकीची कडी घट्ट निघाली, त्याच्या पुढच्या रविवारी दिव्याचं बटण. मी एकेक मिटवत गेलो. सुतार मला आधी साहेब म्हणायचा, मग दादा म्हणायला लागला. प्रत्येक खेपेला तो यायचे दोनशे घ्यायचा आणि तेलाचे दोन थेंब टाकून जायचा. मी पावती मागायचो. पावतीशिवाय मला खर्च झाल्यासारखंच वाटत नाही.

तिसऱ्या रविवारी एकोणतिसाव्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. बाथरूमच्या नळाखाली भिंतीवर डाग होता. चार इंच रुंद, तीन इंच उंच.

"हा कधीपासून आहे?" मी विचारलं.

"कुठला?" बाईंनी चष्मा सारखा केला. डोळे तपासणाऱ्या बाईंना जो दिसला नव्हता तो डाग मी गुडघे टेकून मोजत होतो. तक्त्यात नोंद केली. पुढच्या रविवारी पुन्हा मोजला. मग ओल मोजायचं यंत्र आणलं, चार हजार दोनशेला. ते भिंतीला टेकवलं की आकडा दाखवतं. एकदा घाबरून कपाळाला टेकवलं तर डागापेक्षा मोठा आकडा आला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. आयुष्यभर पूल बांधले, एक धरणही. आता त्यांच्या वाट्याला पूल येत नाहीत म्हणून ते जिन्यात उभे राहतात. यंत्र हातात पाहून त्यांनी मला गाठलं. "डाग दिसतो तिथे गळती कधीच नसते," ते म्हणाले, "गळती असते दुसरीकडेच. पाणी आतल्या आत फिरत असतं. मी एका धरणाच्या भिंतीत…" पुढचं धरण मी ऐकलं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

असे आणखी काही रविवार मी डाग मोजण्यात घालवले आणि शेवटी प्लंबरला बोलावलं. तो आला, नळ फिरवला, म्हणाला, "वॉशर गेलाय." बदलला. "चाळीस द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या रविवारी डाग वाळला होता. यंत्राने शून्य दाखवलं. शहाण्या माणसाने इथे यंत्र कपाटात ठेवून दिलं असतं. पण दावे विभागात एकवीस वर्षं काढलेला माणूस शून्याला भितो. सहा रविवार मी स्वतः मोजलेली ओल, ती गेली कुठे? चाळीसमध्ये कोणाची संकटं मिटतात का? इंजिनिअर जिन्यातच होते. म्हणाले, "बाहेर दिसेनाशी झाली म्हणजे आत शिरली." हे मला तंतोतंत पटलं.

मग मी दुसरा प्लंबर आणला. हा महाग होता, त्यामुळे विश्वासू वाटला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "फोडून बघावं लागेल." फोडायला सोसायटीची परवानगी लागते. परवानगीचा फॉर्म सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी मंगळवारी सहा ते साडेसहा. पहिल्या मंगळवारी फॉर्म संपलेले. दुसऱ्या मंगळवारी फॉर्म होते, पण त्यावर खालच्या मजल्याची सही हवी. खालच्या मजल्याने सही करताना धरणाची उरलेली हकीकत सांगितली. अनामत रक्कम भरली. पावती घेतली. आणि बाराव्या आठवड्यात त्या विश्वासू प्लंबरने छिन्नी लावली.

तिसऱ्या घावाला पाइप फुटला. धडधाकट, कोरडा, माझ्या भिंतीत गुण्यागोविंदाने राहणारा पाइप! पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर. प्लंबर ओरडला, "बघा, मी म्हटलं नव्हतं आत पाणी आहे?" मुख्य कॉक कुठे आहे ते बेचाळीस रकान्यांत कुठेच नव्हतं. तो सापडेपर्यंत इंजिनिअरांच्या दिवाणखान्याचं छत फुगलं, आणि सापडला तेव्हा ते त्यांच्या सोफ्यावर उतरलं. ते वर आले. कपाळावर चुन्याचा पट्टा, पण आवाजात समाधान. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले, "पाणी दुसरीकडेच असतं."

छत, सोफा, भिंत, टाईल. माझी पाचावर धारण बसली. बायकोला सांगायची छाती होईना. ऑफिसच्या पतपेढीतून मी गुपचूप पन्नास हजार उचलले आणि फॉर्मवर कारण लिहिलं, 'घरगुती'.

एक आशा होती. घराचा विमा माझ्याच कंपनीत होता. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचे दावे तपासले. आता माझा दावा. सांगू का, त्या गडबडीतही मला थोडी ऐट आली. लोक कसे अर्धवट कागद जोडतात! मी सगळं जोडलं. आपण किती दक्ष मालक आहोत हे दिसावं म्हणून बाराही रविवारचे तपासणी तक्ते, सही-तारखेसकट, डागाच्या मापांसकट जोडले. फाईल बघून मला भरून आलं.

दावा शेजारच्या टेबलावर गेला. तिथे बसणाऱ्या मुलीला काम मीच शिकवलेलं. आठ दिवसांनी तिने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही रागावणार नाही ना?"

आत लिहिलं होतं: 'नुकसान आकस्मिक म्हणता येत नाही. भिंतीतील ओलीची विमाधारकास नऊ आठवड्यांपासून लेखी माहिती होती, असे त्यांच्याच सहीच्या तक्त्यांवरून दिसते. सबब दावा नामंजूर.'

"'सबब' बरोबर वापरलंय ना, सर?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. पत्र निर्दोष होतं. मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

एवढं होऊनही मी रविवार चुकवला नाही. उलट आता धास्ती दुप्पट, म्हणून तपासणी दुप्पट. सतराव्या रविवारी बाईंनी चहाबरोबर एक घडी केलेला कागद पुढे केला. 'पुढील महिन्याच्या अखेरीस घर सोडत आहे. अनामत परत मिळावी ही विनंती.' मी तो तीनदा वाचला. चहा तसाच राहिला. कागद फायलीत लावला आणि बाईंना का जाता हे न विचारताच उठलो. घरी कसा पोचलो ते आठवत नाही.

बायको टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं. "काय झालं?" आणि मी सगळं ओकलो. वॉशर, यंत्र, छत, पतपेढी, सगळं. शेवटी म्हणालो, "तुझे पैसे गेले गं. मी बुडवले." आणि सांगायला लाज वाटते, पण मी रडलो.

तिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. ती ओरडली असती तर परवडलं असतं. मग म्हणाली, "पावत्या आहेत?"

पावत्या होत्याच. तिने स्टोअरमध्ये माल उतरवून घेतात तसा सगळा गठ्ठा टेबलावर पसरला आणि कागदाला मधोमध रेघ मारली. एकेक पावती उचलायची, वाचायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायची. डावीकडे सोसायटीचे महिन्याचे सहाशे, चार महिन्यांचे. घरपट्टी सातशे वीस. पहिल्या प्लंबरचे चाळीस. उजवीकडे बाकीचं सगळं. उजवा गठ्ठा सारखा घसरून पडत होता.

"हे काय करतेस?" मी घाबरत विचारलं.

"डावीकडे घराचा खर्च," ती म्हणाली. "तीन हजार एकशे साठ. चार महिन्यांचं भाडं अडतीस हजार, हप्ते चौतीस हजार आठशे. घराने आपलं सगळं भागवून वर चाळीस उरवलेत. घराची काही चूक नाही."

"आणि उजवीकडे?"

"तुमच्या भीतीचा खर्च. त्रेपन्न हजार आठशे पन्नास."

मी घसरलेला उजवा गठ्ठा सरळ करायला लागलो. मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि मला भीती वाटत नाही असं वाटतं तुम्हाला? पैसे माझे, म्हातारपण माझं, भीती मला वाटायला हवी होती! पण तुम्ही घरातली सगळी वापरून टाकलीत. माझ्या वाट्याला काही ठेवलीत का? मी घाबरले असते तर तुम्हाला आवरलं कोणी असतं?" ती उठली. "चला. बाईंकडे जाऊ."

बाईंनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. बायकोने सरळ विचारलं, "घर का सोडताय? पाण्याचा त्रास झाला म्हणून?"

"नाही हो. पाण्याचं काही नाही. शेजाऱ्यांकडे आंघोळ केली तीन दिवस, त्यात काय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "आठवडाभर मी लोकांना विचारते, हे स्पष्ट दिसतं की ते, हे की ते. रविवारी वाटतं, लोळावं, मला कोणी काही विचारू नये. पण हे साडेदहाला येतात. काही तक्रार नाही म्हटलं की यांचा चेहरा असा होतो… की मी काहीतरी लपवतेय. मला वाटायला लागलं, यांना मला काढायचंय म्हणून कारण शोधतात. मग मी शनिवारी संध्याकाळी घरभर फिरून तक्रार शोधायला लागले. गेल्या शनिवारी काहीच सापडेना." बाईंचा आवाज बारीक झाला. "तर कपाटाची मूठ मीच सैल केली, पेचकस घेऊन. आणि मग वाटलं, अगं, काय करतेयस तू हे? आता इथून गेलेलं बरं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायको मात्र बाईंच्या शेजारी जाऊन बसली. "हे परत आले नाहीत तर राहाल?"

"अजिबात?"

"वर्षभर. काही बिघडलं तर मला फोन करायचा. मी चाळीसवाला प्लंबर पाठवीन."

बाईंनी थोडा विचार केला. "राहीन की. घर छान आहे."

तिथेच करारावर एक कलम वाढलं. बायकोने सांगितलं, मी लिहिलं: 'घरमालक कोणत्याही कारणास्तव घरात पाऊल ठेवणार नाहीत.' मसुदा चांगला उतरला. खाली मी सही केली, आणि जीव भांड्यात पडला तो तेव्हाच. बाईंनी तो नोटिशीचा कागद माझ्यासमोर फाडला. मुठीचा स्क्रू त्या स्वतःच घट्ट करणार होत्या.

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, "पतपेढीचं कर्ज तुम्ही फेडायचं. शनिवारचा ओव्हरटाइम करा. आणि आजपासून भीतीला महिन्याला दोनशे, तेही वहीत लिहून. वर एक पैसा मिळणार नाही."

मी दोनशेत भागवायचा मनापासून प्रयत्न केला. पहिले दोन रविवार घरात काढले. पंख्याचा आवाज ऐकला, स्वतःच्या भिंतींना हात लावून पाहिले. तिसऱ्या रविवारी राहवेना. बसचं तिकीट काढलं आणि त्या इमारतीच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. पाऊल काही घरात ठेवलं नाही, कलम मोडलं नाही. वर माझी खिडकी दिसत होती. पंधरा मिनिटं पाहिली आणि परतीची बस धरली.

घरी आल्यावर लपवलं नाही. वही उघडून उजव्या रकान्यात लिहिलं: 'लांबून बघणे, जाऊन-येऊन चोवीस.' बायकोने खांद्यावरून वाचलं. मी बोलणी खायला तयार होतो.

"कपडे वाळत होते?" तिने विचारलं.

"हो. दोन टॉवेल, एक चादर."

"ओलं होतं सगळं?"

"चादर ठिबकत होती."

"म्हणजे पाणी येतंय," ती म्हणाली आणि तिने इतका मोठा श्वास सोडला, की किती दिवस तो धरून ठेवला होता कोण जाणे. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली. वही स्वतःकडे वळवली, चोवीसवर काट मारली आणि अठ्ठेचाळीस लिहिले.

"पुढच्या रविवारी माझंही तिकीट काढा," ती म्हणाली.